लोडरची जागा

आप्पा,

शनिवारी मी एका जर्मन रणगाड्यात डोकं घालून आले आणि तेव्हापासून तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की एव्हाना राग शिळा व्हायला हवा होता. झाला नाही. उलट या परदेशात, या ओल्या थंडीत, तो चांगला टिकलाय. तुम्ही मला कधी या देशात पाहिलं नाहीत, म्हणून आधी सांगते. आम्ही आइंडहोवनला राहतो. मी आले ती नवऱ्याच्या नोकरीच्या मागे, त्याच्या व्हिसाला लटकून. दोन हिवाळे घरात बसून भिंती मोजल्या, मग चिपच्या मशीनचे सुटे भाग तपासायची नोकरी मिळवली. भाग बरोबर आहे की नाही हे मी हाताच्या बोटांनी ओळखते, मग यंत्राने मोजते. हे बोटांचं तुमच्याकडून आलंय, ते मान्य. राग त्याच्याबद्दल नाही.

तुमची नात दहा वर्षांची आहे. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गापुढे उभं राहून आपल्या आवडीच्या विषयावर बोलावं लागतं. त्याला स्प्रेकबुर्ट म्हणतात, आणि त्याचा घराघरात आपल्याकडच्या बोर्डाच्या परीक्षेसारखा गाजावाजा असतो. बाकीची पोरं गिनीपिग, घोडा, ज्वालामुखी असलं काहीतरी घेतात. आमच्या बाईसाहेबांनी घेतला रणगाडा. का, तर आजोबा रणगाड्याचे ड्रायव्हर होते. तुमच्या गाडीचं इथे कुणाला काय पडलंय, म्हणून इथे बघायला मिळेल असा रणगाडा निवडला, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन पँझर फोर. वर्गाच्या बाईंचा, म्हणजे पोरांच्या भाषेत युफचा, मला फोन आला. फार गोड आवाजात म्हणाल्या, "विषय थोडा नाजूक आहे हो. इथल्या काही कुटुंबांना त्या गाड्यांच्या आठवणी आहेत. ती दुसरं काही घेईल का? तुमच्या देशातला एखादा सण?" मला अशी तिडीक आली म्हणून सांगू. आम्ही आलो की सण दाखवायचे, समोसे आणायचे, रांगोळी काढायची. टँकचं नाव काढलं की नाजूक. मी म्हटलं, "तिचे आजोबा टँक चालवायचे. तो तिच्या घरातला विषय आहे." त्या म्हणाल्या, "मग तिने त्यांच्याबद्दलही सांगावं." आणि मी अडकले. कारण तुमच्याबद्दल सांगण्यासारखं तुम्ही मला काय दिलंत?

गिअर कसा बदलायचा ते दिलंत. नगरच्या त्या क्वार्टरच्या मागच्या अंगणात चुलीच्या राखेत काडीने आकृती काढून, इंजिन मागे, ड्रायव्हर पुढे, तोफ मधे, हे सगळं दिलंत. पट्टा सैल झाला की कसा आवाज येतो ते तोंडाने काढून दाखवायचात आणि आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "आता इंजिन बंद करा आणि जेवायला बसा." सगळ्या गल्लीतल्या मुली भातुकली खेळत होत्या तेव्हा मला रणगाड्याची चार माणसं पाठ होती. कमांडर बघतो आणि हुकूम देतो, गनर नेम धरतो, लोडर गोळा भरतो, ड्रायव्हर गाडी हलवतो. आणि सगळ्यांनी "तय्यार" म्हटल्याशिवाय गाडी हलत नाही. हा तुमचा कायदा स्कूटरवरही लागू होता. तुम्ही ड्रायव्हर. मागे बसलेली आई कमांडर, कारण घरात हुकूम तिचाच. पुढे उभी असलेली मी गनर. तुम्ही किक मारायच्या आधी विचारायचात, "कमांडर?" आई लाजत, पदर आवरत म्हणायची, "तय्यार." "गनर?" मी बोंबलायचे, "तय्यार!" मग तुम्ही म्हणायचात, "लोडर?" आणि थांबायचात. कुणी काही बोलायचं नाही, कारण चौथं कुणी नव्हतंच. मग तुम्ही किक मारायचात आणि आपण बाजारात जायचो.

आठवतंय ना? की तुम्हाला स्वतःलाही कळत नव्हतं तुम्ही काय करताय ते?

गल्लीला मात्र चांगलं कळत होतं. निदान गल्लीला तसं वाटत होतं. दिवाळीच्या फराळाला बायका स्वयंपाकघरात जमलेल्या. आई चकल्या पाडतेय, मी सोऱ्यात पीठ भरून देतेय, आणि शेजारच्या काकू डोळे मिचकावून म्हणतात, "वहिनी, लोडरची जागा किती दिवस रिकामी ठेवणार? भाऊजी रोज विचारतायत बिचारे." सगळ्या हसतात. आई हसत नाही. तिच्या हातातली चकली तुटते, ती परत गोळा करते, परत पाडते. त्या घरात त्यानंतर पाळणा हलला नाही हे तुम्हाला माहीत आहे. आई उपास करायला लागली, कुठल्या कुठल्या देवाला जाऊन आली, कुणीतरी दिलेल्या काढ्यांनी तिचं पोट बिघडलं. आणि तुम्ही दर रविवारी स्कूटरला किक मारायच्या आधी विचारत राहिलात, "लोडर?"

मग तो दिवस. मी तेव्हा आत्ताच्या तुमच्या नातीएवढी असेन. मला वाटलं, आईची सुटका करावी. तुम्ही "लोडर?" म्हणालात आणि मी आवाज जाड करून ओरडले, "लोडर तय्यार!" तुम्ही स्कूटर बंद केलीत. स्टँडवर लावलीत. मला खाली उतरवलंत. आयुष्यात तुम्ही माझ्यावर कधी हात उगारला नाहीत, त्या दिवशीही उगारला नाहीत, पण तुमचा चेहरा बघून मला लघवी होईल असं वाटलं. "त्याची जागा घ्यायची नाही," तुम्ही म्हणालात. "पुन्हा कधी घ्यायची नाही. समजलं?" त्या रविवारी आपण बाजारात गेलो नाही. आई आत जाऊन भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी. आणि मी त्या दिवशी जे समजले ते असं, की एक जागा आहे, ती मुलाची आहे, मी मुलगी आहे, आणि मी कितीही जाड आवाज काढला तरी ती मला मिळायची नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमचा धुळीचा चष्मा मला दिलात, टँक चालवताना डोळ्यांवर घालायचा, जाड काचांचा. समजूत काढायची तुमची ती पद्धत. मी तो घेतला. पण मनात म्हटलं, माझी समजूत चष्म्यावर आणि मुलाला टँक.

तुम्ही गेलात त्याच्या दहाव्याला साताऱ्याकडचे एक म्हातारे गृहस्थ आले. पांढऱ्या मिशा, हातात काठी, ताठ. तुमचे गनर होते म्हणाले. आम्ही कुणी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांनी विचारलं, "तू त्याची मुलगी का? तो तुला गनर म्हणायचा ना? मला पत्रात लिहिलं होतं त्यानं एकदा." मग चहा घेता घेता, आम्हाला ठाऊकच असणार अशा सुरात ते बोलायला लागले. माझ्या जन्माच्या आधीची एक लढाई. तुमच्या गाडीला गोळा लागला, आतून धूर निघाला. पुढच्या झाकणातून तुम्ही बाहेर पडलात, वरून कमांडर आणि ते. लोडरचं झाकण उघडलंच नाही. तुम्ही बांधाआड गेलात आणि तिथे तुम्ही, ड्रायव्हर असून, रिपोर्ट मागायला लागलात. कमांडर तय्यार. गनर तय्यार. लोडर? परत लोडर? गाडी पेटली तरी तुम्ही विचारतच होतात. शेवटी कमांडरने आणि त्यांनी तुम्हाला दोन्ही बाजूंनी धरून ओढत नेलं. "एकवीस-बावीस वर्षांचं पोरगं," ते म्हणाले, "फार हसरं होतं." नाव सांगितलं. तुमच्या तोंडून आम्ही ते एकदाही ऐकलं नव्हतं.

आई दाराच्या चौकटीला टेकून बसून ऐकत होती. ती रडली नाही. उठली, आत गेली, त्यांच्यासाठी दुसरा चहा ठेवला. मी मागे गेले. चहा उतू जात होता आणि ती तो बघत उभी होती. ती म्हणाली, "मला वाटलं, त्यांना मुलगा हवा होता."

एवढंच. त्यानंतर ती जेवढी वर्षं जगली तेवढ्यात पुन्हा या विषयावर बोलली नाही. तुमच्याच शाळेतली झाली होती ना. पण आप्पा, एक वाक्य लागत होतं. एक. "अगं, तो आमचा लोडर होता, मेला." एवढं म्हटलं असतंत तर ती बाई आयुष्यभर स्वतःला अपुरी समजली नसती. उपास केले नसते. काढे प्यायली नसती. मी स्वतःला चुकून जन्मलेली समजले नसते. गिअरबॉक्सवर तुम्ही तासभर बोलू शकत होतात, आणि हे एक वाक्य तुम्हाला जड झालं? मी समजूतदार व्हायचा प्रयत्न करते. माणसाला काय काय होतं, लढाईतून आलेली माणसं बोलत नाहीत, सगळं वाचलंय, सगळं पटतं. आणि तरीही आईची ती तुटलेली चकली डोळ्यांपुढे आली की काही पटत नाही.

तर शनिवारचं सांगते. आम्ही दोघी बसने गेलो, मग गावातून चालत. इथल्या ब्राबांट प्रांतातलं छोटं गाव, एका जुन्या कोठारात त्यांनी युद्धाचं संग्रहालय केलंय. आत तो रणगाडा उभा होता. आमच्या आधी चार-पाच पुरुष त्याला वेढा घालून उभे होते, तोफेच्या मिलिमीटरवरून वाद घालत. त्यातल्या एकाने मला बाजूला सरकवून माझ्या मुलीला समजवायला सुरुवात केली, आणि ती मुलगी, तुमची नात, गोड हसून त्याला म्हणाली की पट्टा ताणायचं चाक पुढे नाही, मागे असतं. मला हसू दाबता येईना. तेवढंच त्या दिवसातलं हसू.

तिथे गाइड म्हणून एक म्हातारे डच आजोबा असतात, त्याच गावातले. त्यांनी त्या पुरुषांना बाजूला केलं आणि आम्हाला दोघींना सगळं सांगितलं. ही गाडी मुळात दुसऱ्या टँकशी लढायला केलेलीच नव्हती म्हणे. आखूड तोफ होती, पायदळाच्या मागे राहून त्यांच्या वाटेतली ठाणी फोडायची, एवढंच काम. टँकशी लढायचं ते दुसऱ्या, हलक्या गाडीने. मग रशियात जाड पत्र्याचे टँक समोर आले आणि हलकीचं काही चालेना. तेव्हा हिला लांब तोफ बसवली, बाजूंनी पत्र्याची झालर लावली आणि सगळीकडे हिलाच जुंपलं, रशियात, वाळवंटात, इटलीत, शेवटी इथे. घरातल्या एखाद्या सुनेला सगळी कामं सांगतात तसं. शेवटी शेवटी तर वरची फिरणारी खोली फिरवायची मोटरही काढून टाकली, जास्तीचं डिझेल मावावं म्हणून का, असं मी विचारलं, तर त्यांनी नकारार्थी मान हलवली, "पेट्रोल. डिझेल नाही." तर पेट्रोल मावावं म्हणून. मग गनर एका बाजूने आणि लोडर दुसऱ्या बाजूने हाताने दांडा फिरवत बसायचे. समोरून गोळे येतायत आणि हे विहिरीचा रहाट फिरवल्यासारखे फिरवतायत. इथे तर रस्ता बांधावर आणि दोन्हीकडे चिखल, रस्ता सोडला की गाडी रुतलीच. दिवसभर विमानांच्या भीतीने झाडांखाली लपून राहायचे.

"आमच्या बागेत लपली होती अशीच एक," ते म्हणाले. "सफरचंदाच्या झाडांखाली. माझी आई तेव्हा लग्नाची होती. पाच जण. पंपावर हातपाय धुवायचे, आईकडून बटाटे उकडून घ्यायचे, प्लीज आणि थँक्यू म्हणायचे. संध्याकाळी त्याच गाडीतून शेजारच्या गावावर तोफ डागली. तिथे आईची मावशी गेली."

 माझ्या मुलीने आपल्या पद्धतीने, अर्ध्या डचमध्ये, त्यांना विचारलं, ती पाच माणसं वाईट होती का? मी मधे पडायला गेले, म्हटलं, लहान आहे, माफ करा, आम्ही गाडीपुरतंच बोलू. त्यांनी मला हाताने थांबवलं. "का गाडीपुरतं? नुसती गाडी असती तर मला राग कशाला आला असता? माणसं होती, म्हणून तर राग येतो. आईला त्यातल्या एकाचा आवाज म्हातारपणीही ओळखता आला असता. बोला की माणसांबद्दल." मग त्यांनी आम्हाला बाजूचा लोखंडी जिना चढायला लावला आणि टरेटच्या, म्हणजे त्या वरच्या फिरणाऱ्या खोलीच्या, उजव्या अंगाचं दार उघडून दाखवलं. "हे लोडरचं," ते म्हणाले. "या गाडीत पाच माणसं आणि प्रत्येकाला स्वतःचं दार."

मी आत डोकं घातलं. गंजाचा आणि जुन्या ग्रीसचा वास, तुमच्या खाकी कपड्यांचा. आतली जागा आपल्या मोरीएवढीही नाही. दार मी दोनदा उघडलं, दोनदा लावलं. बिजागरी चांगली तेल घातलेली, अगदी हलकी. कुणाच्या लोडरचं दार किती सहज उघडतंय, आप्पा. ज्यांनी त्या बाईची मावशी मारली त्यांच्या. मी तिथे जिन्यावर उभी राहून रडले, आणि ते म्हातारे बिचारे समजले की मी त्यांच्या आईच्या मावशीसाठी रडतेय. त्यांनी मला रुमाल दिला. मी नाही म्हटलं नाही.

बसमधे पोरगी म्हणाली, "आई, बट आजोबांनी पण पीपल किल केले का? टँकमधून?"

"ते ड्रायव्हर होते, बाळा."

"दॅट्स नॉट ॲन आन्सर."

नव्हतंच ते उत्तर. मग मी तिला सगळं सांगितलं. स्कूटर, लोडर, दहावा, सगळं. आजीची चकली राहू दिली. आणि म्हटलं, "त्यांनी मारलं का, किती, त्यांना काय वाटलं, हे मला माहीत नाही. त्यांनी सांगितलं नाही." ती म्हणाली, "तू विचारलंस?" मी म्हटलं, आमच्यात असं विचारत नसत. ती तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघायला लागली, आणि मला ते फार लागलं.

मंगळवारी तिचं भाषण झालं. मला युफने शाळेच्या फाटकाशी गाठून सांगितलं, आवाज नेहमीइतका गोड नव्हता, घोगरा होता. हिने तुमचा चष्मा कपाळावर चढवला होता. पाच खुर्च्या मांडल्या, पुढे दोन, मागे तीन, आणि पाच पोरांना पँझर फोरचा क्रू म्हणून बसवलं, तुमच्यासारखे चौघं आणि पाचवा रेडिओवाला. कोण काय करतो ते सांगितलं. त्या गाडीने काय काय केलं तेही सांगितलं, बागेतले बटाटे आणि मावशीसकट. मग म्हणाली, माझे आजोबा दुसऱ्या टँकमधे होते, दुसऱ्या लढाईत, चौघंच, आणि त्यांचा लोडर आतच राहिला. रेडिओवाल्याची खुर्ची काढली, लोडर झालेल्या मुलाला उठवलं आणि बाकीच्यांना रिपोर्ट द्यायला लावला. लोडर म्हटल्यावर ती रिकाम्या खुर्चीकडे बघत थांबली. युफ म्हणाल्या, ती इतकी थांबली की मला वाटलं विसरली पुढचं. मग कुणीतरी प्रश्न विचारला, तुझ्या आजोबांनी माणसं मारली का? ती म्हणाली, "माहीत नाही. माझ्या आईलाही माहीत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही."

झालं? आता वर्गभर पोरांना जे ठाऊक आहे ते माझ्या आईला तिच्या उमेदीच्या सगळ्या वर्षांत ठाऊक नव्हतं. डच पोरांना, ज्यांना नगर नकाशात दाखवता येणार नाही. मला अभिमान वाटायला हवा होता, वाटलाही. पण घरी येऊन मी भांडी घासत बसले, आणि मग लक्षात आलं की ती घासलेलीच आहेत.

हे पत्र कुठे टाकणार? क्वार्टर दुसऱ्याला गेली, आई गेली, आणि तुमचे ते गनरसाहेबही गेले असतील. लिहून झालं की घडी घालून तुमच्या चष्म्याच्या डबीत ठेवीन. पण त्याआधी आज सकाळचं एक सांगायचं राहिलंय, ते सांगितल्याशिवाय तुमच्यावर एवढं ओरडायचा मला हक्क नाही.

आम्ही तिघं सायकली काढून दारात उभे होतो. वारा सुटलेला. भाषणापासून पोरीला नाद लागलाय, म्हणाली, "आई, रिपोर्ट घे." मी म्हटलं, "गनर?" नवरा हेल्मेटचा पट्टा लावत म्हणाला, "तय्यार, मॅडम." मी म्हटलं, "लोडर?" आणि ती खणखणीत ओरडली, "लोडर तय्यार!" माझ्या तोंडावर आलं होतं, तुमचंच वाक्य, त्याची जागा घ्यायची नाही. मी ते गिळलं. घेऊ दे तिला. कुणीतरी घ्यायलाच हवी होती. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "ड्रायव्हर?" आणि मी थांबले. हँडल धरून, एक पाय जमिनीवर, थांबले. तुमचा आवाज यायला हवा होता, आप्पा. चिडलेली होते तरी यायला हवा होता. नवरा पुढे निघून गेला. पोरगी मागून म्हणाली, "आई? हू आर यू वेटिंग फॉर?"

आणि मी तिला म्हटलं, "कुणासाठी नाही गं. मागून गाडी येत होती."